ऐक आणि खरं सांग

मित्रानं दिलेला अल्बम आणि कुठल्याशा यादीतून आपसूक समोर आलेला अल्बम यांत मोठा फरक आहे. मित्राच्या अल्बममध्ये देणारा गुंतलेला असतो. तो ‘हे आईक बे’ म्हणतो तेव्हा गाण्यांविषयी तर त्याला सांगायचं असतंच, पण बरेचदा स्वतःविषयीही काही सांगायचं असतं आणि ते थेट बोलायची त्याची तयारी नसते. ऐकणाऱ्याला मग दोन कामं करावी लागतात. अल्बम कसा आहे ते ठरवायचं, आणि तो आपल्यालाच का दिला तेही ओळखायचं. या संग्रहातली टिपणं या दोन कामांतून झाली आहेत. ती लिहिणारे सगळे अणदूरचे किंवा आसपासच्या गावांतले, शिकायला आणि पोटापाण्यासाठी सोलापूर, पुणे, हैदराबादला पांगलेले. विषय एकच : इमो या नावानं ओळखलं जाणारं रॉक संगीत आणि त्यातले एकमेकांनी सुचवलेले अल्बम.

अणदूर आणि इमो ही जोडी ऐकून काहींना नवल वाटेल. अणदूर हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं, तुळजापूर तालुक्यातलं, खंडोबाचं गाव. इथल्या पोरांच्या कानावर लहानपणापासून पडलेलं संगीत म्हणजे जागरण-गोंधळ, भजन, लग्नातला बँड आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांमधली गाणी. त्यात अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय मुलांचं गिटारवरचं रडगाणं कुठून आलं? ते आलं मेमरी कार्डातून. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपये देऊन कार्डात गाणी भरून घ्यायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. हिंदी, मराठी, कानडी गाण्यांच्या त्या ढिगात पुण्याच्या हॉस्टेलवरून सुटीला आलेला एखादा भाऊ आपल्या हार्ड डिस्कवरचं एखादं इंग्रजी फोल्डर टाकून जायचा. तिथून ते ब्लूटूथवरून हातोहात फिरायचं. कुणाचं गाणं, कुठल्या साली केलेलं, कुठल्या गावचं, काही कळायचं नाही. बऱ्याच हँडसेटवर गाणी अक्षरक्रमानं लागत, त्यामुळे अल्बमचा मूळ क्रम मोडायचा आणि शेवटचं गाणं मध्येच कुठेतरी यायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि चित्र बदललं. तेव्हापासून अख्खा अल्बम, त्याच्या क्रमानं, शेतातल्या बांधावर बसूनही ऐकता येतो. आमच्यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षं तुकड्यांत ऐकलेले अल्बम त्यानंतर पहिल्यांदा सलग ऐकले, आणि त्यांतल्या काहींविषयीचं मत पार बदललं.

या संगीताची थोडी हकिगत इथं सांगायला हवी, कारण टिपणांमध्ये ती गृहीत धरलेली आहे.

सुरुवात वॉशिंग्टन शहरातली. १९८० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत तिथं हार्डकोर पंक जोरात होतं. वेगवान, छोटी, संतापलेली गाणी. पण दशकाच्या मध्यापर्यंत त्याच्या कार्यक्रमांत मारामाऱ्या वाढल्या होत्या आणि संताप हीच ओळख होऊन बसली होती. त्याला कंटाळलेल्या काही तरुणांनी १९८५ च्या उन्हाळ्यात नवे बँड काढले, आणि त्या उन्हाळ्याला पुढं ‘रेव्होल्यूशन समर’ हे नाव पडलं. राइट्स ऑफ स्प्रिंग हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा बँड. त्यांचा एकमेव पूर्ण अल्बम १९८५ साली डिस्कॉर्ड या छोट्या स्थानिक कंपनीनं काढला. ती कंपनी चालवणाऱ्यांपैकी एक इयन मॅकाय, आणि अल्बमचं ध्वनिमुद्रण त्याच्याच देखरेखीखाली झालं. गायक गाय पिचिओतो त्यात ओरडतो, पण ते ओरडणं कुणावर नसतं. स्वतःच्या आत काय चाललंय ते शब्दांत मावत नाही म्हणून ओरडणं असतं. वेग तोच, आवाज तेवढाच मोठा, पण रोख आत वळलेला. ‘इमो’ हा शिक्का दुसऱ्यांनी मारला. मॅकाय आणि पिचिओतो या दोघांनाही तो कधी पटला नाही, आणि पुढं दोघं मिळून फुगाझी या बँडमध्ये वेगळ्याच वाटेनं गेले.

त्यानंतर ही गाणी अमेरिकेभर पसरली. सिएटलच्या सनी डे रिअल इस्टेटचा ‘डायरी’ १९९४ मध्ये आला. त्यात शांत कडवं आणि फुटणारं धृपद यांची जी रचना आहे ती पुढच्या शेकडो बँडांनी उचलली. मग अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या छोट्या विद्यापीठ-गावांतले बँड, मग अ‍ॅरिझोनाचं जिमी ईट वर्ल्ड. त्यांचा ‘क्लॅरिटी’ १९९९ साली कॅपिटल या मोठ्या कंपनीनं काढला, तो फारसा खपला नाही आणि कंपनीनं त्यांना सोडून दिलं. पुढच्या अल्बमचं ध्वनिमुद्रण त्यांनी स्वतःच्या पैशानं केलं. तो २००१ चा ‘ब्लीड अमेरिकन’, आणि त्यातल्या ‘द मिडल’नं त्यांना घराघरांत पोचवलं. न्यू जर्सीच्या माय केमिकल रोमान्सचा ‘द ब्लॅक परेड’ २००६ चा. भारतातल्या बहुतेक पोरांची इमोशी ओळख या शेवटच्या अल्बमनं झाली, आमच्या टोळक्याचीही. मुंबईत या जातकुळीच्या जवळचं काम करणारे बँड त्याच सुमाराला निघाले. ‘गॉडेस गॅग्ड’चा ‘रिसर्फेस’ २०११ मध्ये आला. पण तो आमच्यापर्यंत अमेरिकेतल्या अल्बमांनंतर पोचला. मुंबई-पुण्याचं संगीत इतक्या उशिरा मराठवाड्यात यावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता खरा प्रश्न आवाजाचा. इमोवर आमच्याकडे येणारा पहिला आक्षेप ठरलेला : ‘गाता येत नाही याला.’ सूर ढळतो, शब्द चिरकतो, धाप लागते. किशोरकुमार आणि अरुण दाते ऐकत वाढलेल्या कानाला हे खटकणारच. या संग्रहातल्या निम्म्याअधिक टिपणांत या ना त्या रूपानं हाच वाद आहे.

जॉब्रेकर या बँडची गोष्ट या वादात कामाला येते. गायक ब्लेक श्वार्झेनबाख. घशात गाठी झालेल्या, आवाज खरखरीत, आणि तो तसाच ताणून गाणारा. १९९२ च्या युरोप दौऱ्यात प्रकरण हाताबाहेर गेलं आणि घशाची शस्त्रक्रिया करावी लागली. १९९४ मध्ये आलेल्या ‘ट्वेंटीफोर अवर रिव्हेंज थेरपी’मध्ये तरीही ती जुनी खरखर आहे. मग त्यांनी मोठ्या कंपनीशी करार केला आणि १९९५ साली ‘डिअर यू’ आला : आवाज मोकळा, ध्वनिमुद्रण स्वच्छ, गिटार चकचकीत. चाहते संतापले. बँडनं आपल्याला विकलं असं त्यांना वाटलं. पुढच्याच वर्षी बँड फुटला. आज तोच ‘डिअर यू’ पुष्कळांना त्यांचा सर्वांत दुखरा अल्बम वाटतो.

टिपणांमध्ये या दोन अल्बमांवरून आमच्यातल्या दोघांचं जुंपलेलं वाचकाला दिसेल. मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे ‘डिअर यू’च्या. माझं म्हणणं एवढंच की फाटलेला आवाज हा खरेपणाचा पुरावा होत नाही आणि नितळ आवाज हा खोटेपणाचा. पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो : या माणसाला हे गाणं याहून सोपं करता आलं असतं का, आणि त्यानं ते केलं का?

ही कसोटी मला इमोनं शिकवलेली नाही, जागरणानं शिकवली. खंडोबाच्या जागरणात गण होतो, देवांना आवतण दिलं जातं, मग पदं, मग कथा, आणि रात्र उतरत जाते तसा वाघ्याचा आवाज बसत जातो. दिमडी आणि तुणतुणं थांबत नाहीत. उत्तररात्री त्याचा जो आवाज लागतो तो संध्याकाळच्या आवाजापेक्षा बेसूर असतो, आणि ऐकणारी माणसं त्या वेळी जास्त जवळ सरकतात. कुणी म्हणत नाही की गाता येत नाही. सगळ्यांना माहीत असतं की हा आवाज कशानं असा झाला. पण एखादा वाघ्या सुरुवातीपासूनच मुद्दाम घसा खरडून दुःख दाखवू लागला, तर तेही लगेच कळतं, आणि मग माणसं बिडी ओढायला उठून जातात. अणदूरच्या माणसाला घसा खरा बसला की बसवला, हे ओळखायला कुणाची पुस्तकं लागत नाहीत. हाच कान इमोला लावला की या संगीतातला बराचसा कचरा आपोआप बाजूला पडतो. २००० नंतर कंपन्यांनी हे संगीत उचललं तेव्हा घसा बसवणाऱ्यांचंच पीक जास्त आलं होतं.

जागरणानं आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे पूर्ण बसून ऐकण्याची सवय. कथा मध्येच सोडून उठायची नसते. ‘क्लॅरिटी’मधलं शेवटचं गाणं सोळा मिनिटांचं आहे. त्यातला मोठा भाग म्हणजे थोड्याच ओळींची आणि सुरांची थरावर थर चढवत नेलेली आवर्तनं. एकटं काढून ऐकलं तर ते कंटाळवाणं वाटतं. आधीची सगळी गाणी ऐकून तिथं पोचलं की मन त्याच्यासोबत फिरू लागतं. कार्डातल्या अक्षरक्रमात ते गाणं आम्हाला असं कधीच भेटलं नव्हतं.

निवाड्याविषयीही बोलायला हवं. ऐकलं, आवडलं, असं म्हणून मोकळं होणं आमच्यात चालत नाही. ज्यानं अल्बम दिला त्याला उत्तर लेखी द्यायचं, आणि खरं द्यायचं. हा शिरस्ता आम्ही गावाकडूनच घेतला आहे. आमच्या खंडोबाची मूर्ती एकच. ती सव्वादहा महिने अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळ मैलारपूरला. देव एका गावाहून दुसऱ्या गावी जातो तेव्हा दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. घेणाऱ्यानं घेतलं हे कबूल करायचं आणि ते कधी, कसं परत करणार तेही. अल्बम सुचवणं हे तसंच सोपवणं आहे असं आम्ही मानतो. परत करायचं ते म्हणजे मत. गुळमुळीत मत दिलं तर घेतलेलं परतच केलं नाही असं होतं.

पण घाईचं मतही घातक असतं. वीझर या बँडचा ‘पिंकर्टन’ सप्टेंबर १९९६ मध्ये आला. रिव्हर्स क्वोमो या गायकानं त्यात स्वतःच्या एकटेपणाचे, लैंगिक गोंधळाचे, हव्यासाचे असे कबुलीजबाब दिले की आधीच्या गमतीदार अल्बमवर प्रेम करणारे श्रोते अवघडून गेले. ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्याला त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अल्बमांत बसवलं. २००४ मध्ये त्याच मासिकानं त्याला पाच तारे दिले. मधल्या काळात अल्बममधलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. शाळकरी वयात तो ऐकलेली पिढी दरम्यान मोठी होऊन स्वतः बँड काढू लागली होती, लिहू लागली होती. म्हणून आमच्याकडे पहिल्या ऐकण्यानंतरचं मत लिहायचं ते तारीख घालून, आणि मग पाऊसकाळ उलटल्यावर पुन्हा ऐकून दुसरं. संग्रहात अनेक ठिकाणी एकाच अल्बमवर एकाच माणसाची दोन टिपणं आहेत. ती मुद्दाम ठेवली आहेत.

‘पिंकर्टन’वरच्या टिपणांत मात्र एक टिपण कडक आहे, आणि ते आमच्यातल्या मैत्रिणीचं आहे. तिचा मुद्दा असा : या संगीतात मुलगी कायम गाण्याचा विषय असते, गाणारी कधी नसते, तिनं सोडून जायचं, फसवायचं आणि मुलाच्या दुःखाचं कारण व्हायचं. हे तिनं स्वतःच्या ऐकण्यातून लिहिलं. अमेरिकेत जेसिका हॉपर या समीक्षिकेनं २००३ मध्ये ‘पंक प्लॅनेट’ मासिकात याच विषयावर गाजलेला लेख लिहिला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. मला तिचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. प्रेमभंगाच्या गाण्यात समोरच्या माणसाला तोंड नसेल तर ते गाणं अर्धवट आहे, मग आवाज कितीही खरा असो. आमच्या आवडत्या अल्बमांपैकी दोन-तीन या कसोटीवर उतरत नाहीत, आणि तसं संग्रहात स्पष्ट लिहिलेलं आहे.

एका अल्बमवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर. अमेरिकन फुटबॉल हा इलिनॉय विद्यापीठात शिकणाऱ्या तीन मुलांचा बँड : माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स, स्टीव्ह लॅमॉस. १९९९ च्या सप्टेंबरात पॉलिव्हिनिल या छोट्या कंपनीनं त्यांचा नऊ गाण्यांचा अल्बम काढला. तो येईपर्यंत शिक्षण संपत आलं होतं, पोरं आपापल्या वाटेनं निघाली होती. बँड थांबला. अल्बम मात्र हातोहात फिरत राहिला, एका मित्राकडून दुसऱ्याकडे. २०१४ मध्ये तो नव्यानं काढावा लागला आणि बँडही पुन्हा जमला. दुसरा अल्बम २०१६ साली आला, म्हणजे मधे सतरा वर्षं गेली. मुखपृष्ठावर अर्बाना गावातल्या एका साध्या लाकडी घराचं रात्रीचं छायाचित्र आहे, वरच्या खिडकीत उजेड. लोक दुरून ते घर बघायला येऊ लागले. ते पाडलं जाऊ नये म्हणून २०२३ मध्ये बँडनं, कंपनीनं आणि काही जवळच्यांनी मिळून ते विकत घेतलं.

या अल्बममध्ये आरडाओरडा जवळजवळ नाही. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावलेल्या आहेत, त्यामुळे मोकळ्या तारांची गुंज सतत मागं राहते. दोन गिटार एकमेकांत विणल्यासारख्या चालतात. मात्रा मोजायला गेलं तर सम हातातून निसटते. मधेच ट्रम्पेट येतो, थोडा कच्चा, ड्रम वाजवणाऱ्या लॅमॉसनंच वाजवलेला. शब्द थोडे आणि अगदी साधे : उन्हाळा संपतोय, आपण निघतोय, बोलायचं राहून गेलं. पुण्यात शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन, खोली रिकामी करून, स्वारगेटवरून रात्रीची एसटी धरणाऱ्या पोराला यातलं काय कळणार नाही? आमच्यात इंग्रजी सगळ्यात कच्चं असलेल्या मित्रानं या अल्बमवर लिहिलेलं टिपण मला संग्रहातलं सर्वांत चांगलं वाटतं. त्याला ओळी कळल्या नव्हत्या. गिटार थांबून पुन्हा सुरू होते त्या जागांवर त्यानं लिहिलं आहे, आणि त्या जागा त्यानं अचूक पकडल्या आहेत.

एका गंभीर बाबीवर बोलणं टाळता येणार नाही. इमोवर मुलांना निराशेकडे ढकलल्याचा आरोप झाला. २००८ साली ब्रिटनमध्ये एका वर्तमानपत्रानं तसं लिहिल्यावर माय केमिकल रोमान्सच्या चाहत्यांनी लंडनमध्ये त्याविरुद्ध निदर्शनं केली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात जमावानं इमो मुलांना रस्त्यात गाठून मारलं. त्यांचे कपडे आणि केस, त्यांचं उघड दुःखी असणं लोकांना सहन झालं नव्हतं. आमचा जिल्हा आत्महत्यांच्या बातम्यांचा जिल्हा आहे, त्यामुळे हा आरोप आम्ही हलकेपणानं घेतलेला नाही. माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे बापयानं रडायचं नसतं, पोरानं तर नाहीच. सोयाबीन पाण्यात गेलं तरी पारावर ‘चाललंय’ एवढंच म्हणायचं असतं. अशा ठिकाणी एक मित्र दुसऱ्याला रात्री उशिरा एक दुःखी अल्बम पाठवतो आणि दुसरा तो पूर्ण ऐकून सकाळी फोन करतो. त्या फोनवर गाण्यांचं बोलणं थोडं होतं. या संग्रहाच्या निमित्तानं असे फोन अनेक झाले, आणि त्यातल्या एकानंतर आमचा एक मित्र डॉक्टरकडे गेला. अल्बम हे औषध नाही. पण कुणी एकाएकी एकामागून एक तसलेच अल्बम पाठवू लागला, तर टिपण लिहायच्या आधी त्याला भेटायला जावं.

नव्या अल्बमांमध्ये एकाचं नाव इथं घेतो : पॅरानॉल या नावानं काम करणाऱ्या दक्षिण कोरियातल्या एका अनामिक तरुणाचा २०२१ चा ‘टू सी द नेक्स्ट पार्ट ऑफ द ड्रीम’. सगळी वाद्यं संगणकावरची, काम एकट्याचं, ध्वनी चिरडलेला, आवाज मागं बुडालेला, भाषा कोरियन. तो जगभर ऐकला गेला. हे ऐकल्यापासून आमच्यातला एक जण अणदूरच्या घरी, संगणकावर, मराठीत गाणी करू लागला आहे. त्यातलं एकही अजून पुरं झालेलं नाही. पण एकात दिमडी आहे आणि ती जागच्या जागी बसली आहे.

वाचकाला सांगायचं ते एवढंच. टिपण वाचण्याआधी तो अल्बम ऐकावा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न मोडता. अगदीच नवखे असाल तर ‘क्लॅरिटी’पासून सुरुवात करा, राइट्स ऑफ स्प्रिंगकडे नंतर या. आमच्या मताशी पटलं नाही तर तसं लिहा, आणि सोबत एक अल्बम सुचवा. तो तुम्हाला कुणी दिला होता तेही कळवा.